झेंडूमागची पट्टी

परिषद म्हटली की दीपप्रज्वलन आलं, शाली आल्या, म्हैसुरी पेटे आले आणि आवरता न येणारी भाषणं आली. शास्त्रज्ञांची परिषद असली म्हणून त्यातून सुटका नाही. उलट एरवी प्रयोगशाळेत दिवसदिवस तोंड न उघडणाऱ्या माणसाच्या हाती माइक लागला, की तो परत घ्यायला दोन माणसं लागतात. बंगळुरूच्या दक्षिणेकडच्या एका बड्या खासगी रुग्णालयाच्या सभागृहात, दसरा होऊन आठवडा उलटायच्या आत, असाच सोहळा चालला होता. विषय होता ‘प्राणवायूविना जगणारे जंतू आणि मानवी आरोग्य’. दिल्लीपासून त्रिवेंद्रमपर्यंतची तज्ज्ञ मंडळी गळ्यात ओळखपत्रं आणि खांद्याला परिषदेच्या फुकट पिशव्या अडकवून बसली होती. त्यातल्या निम्म्यांचं लक्ष मागच्या दारातून येणाऱ्या फिल्टर कॉफीच्या वासाकडे होतं.

हा सगळा घाट घातला होता डॉ. नीलिमानं. ती त्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेची प्रमुख. मूळची पुण्याची, लग्न करून बंगळुरूला आली आणि जे. पी. नगरात रुजली. या जंतूंवर तिचं प्रेम होतं, दुसरा शब्द नाही त्याला. हवा लागली की मरणारे, कोंडलेल्या जागी वाढणारे, आतड्यात राहिले तर आपलं पचन सांभाळणारे आणि कुजक्या जखमेत शिरले तर धडधाकट माणसाला बघता बघता संपवणारे हे जंतू. त्यांच्याकडे कुणी नीट बघतच नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं हळहळत आली होती. आज तिचा दिवस होता. प्रास्ताविकात तिनं ठणकावून सांगितलं, की रिपोर्टवर ‘वाढ नाही’ असं छापून आलं म्हणजे जंतू नाहीत असं समजू नका. आधी आपली स्वतःची पेटी तपासा, तिच्यात हवा शिरली नाही ना ते बघा. माना डोलल्या. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी ते वाक्य लिहूनसुद्धा घेतलं.

ती खाली येऊन खुर्चीत टेकते न टेकते तोच बाजूच्या दारातून डॉ. प्राणेश आत आले. शस्त्रक्रिया विभागातला हा उंच, कमी बोलणारा माणूस थेट ऑपरेशन थिएटरातून आला होता. डोक्यावर हिरवी टोपी, मास्क हनुवटीखाली ओढलेला. नटूनथटून बसलेल्या त्या सभेत तो भलताच दिसत होता. त्यांनी नीलिमाला नुसती मानेनं खूण केली.

बाहेर आल्यावर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “आप्पाजीचा पाय आत्ता परत उघडला. कातडीवर बोट दाबलं की खाली कुरकुर वाजतंय. आत गॅस झालाय. आणि वास येतोय. तो वास मी चांगला ओळखतो, नीलिमा. तुमचा रिपोर्ट आणि माझं नाक, दोघांतलं एक खोटं बोलतंय.”

हा आप्पाजी कोण, ते इथे सांगायला हवं. तो पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचा. गाव अथणीकडचं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात ती इथली आयुधपूजा, आणि पीण्यात तिचा थाट दिवाळीहून मोठा. आदल्या दिवशी कारखानेच्या कारखाने धुतले जातात, यंत्रांना रंग लागतो, आणि दुसऱ्या दिवशी चंदन, कुंकू, माळा, केळीचे खुंट आणि दारात फोडलेला कोहळा. त्या धुवाधुवीत एक तेलकट लोखंडी साचा सरकला आणि आप्पाजीच्या पावलावर पडला. मधुमेहाचा माणूस. त्यानं काय करावं? जखमेत हळद दाबली, वर फडकं आवळलं, आणि दुसऱ्या दिवशी लंगडत जाऊन आपल्या प्रेसची पूजा केली. पोटाला घालणाऱ्या यंत्राची पूजा टाकून दवाखान्यात जायचं हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. दसऱ्याला अंग तापलं, पाय टम्म फुगला, तेव्हा धाकटा भाऊ महांतेश त्याला या रुग्णालयात घेऊन आला. महांतेश इलेक्ट्रॉनिक सिटीत सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर, आणि या रुग्णालयाच्या गेटवर त्याच्या ओळखीचं कुणीतरी होतं.

जखमेतला पू नीलिमाच्या प्रयोगशाळेत गेला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. साधे जंतू थोडेफार. प्राणवायूविना वाढणारे: वाढ नाही. खाली सही नीलिमाची.

इथवर झालं ते कुठल्याही रुग्णालयात होतं. पण नीलिमानं त्यापुढे एक गोष्ट केली, जी तिच्या खात्यातली माणसं सहसा करत नाहीत. सूक्ष्मजीववाल्यांना रोगी म्हणजे नळीवर चिकटवलेलं नाव आणि नंबर. रोग्याच्या उशाशी त्यांचं काम नसतं. पण त्या दिवशी ती वॉर्डातल्या स्वच्छतेची पाहणी करायला वर गेली होती, आणि पडद्यामागून तिच्या कानावर मराठी पडली.

“अवं, स्वल्प पाणी तरी घ्या की. घोटभर. माझ्यासाठनं.”

बंगळुरूत दिवसभर इंग्रजी आणि मोडकी कन्नड बोलून नीलिमाची जीभ आंबून जायची. तिनं पडदा बाजूला केला. पलंगावर आप्पाजी डोळे मिटून पडला होता, आणि त्याची बायको यल्लव्वा हातात पेला धरून उभी होती. गोरटेली, बारकी बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे जागून सुजलेले. नीलिमानं मराठीत चौकशी केली मात्र, यल्लव्वानं तिचा हातच धरला.

“अक्का, तुमी मराठी हाय? देवच पावला बगा. ते उंच डॉक्टर म्हनत्यात, गुडघ्याखाली पाय काढाया पायजे. कागदावर सही मागाय लागल्यात. ह्यांचा पाय गेला तर प्रेस कोन चालवनार? भावजी म्हनत्यात, वैनी, सरी म्हन, हो म्हन, आनि सही कर. माझा हात उटंना झालाय. मी कुनाला इचारू हितं?”

नीलिमाला भरून आलं. पुण्यामुंबईची माणसं कितीही भेटली तरी अशी हात धरून कुणी तिला अक्का म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, “हे बघा, त्यांचा रिपोर्ट मी स्वतः साइन केलाय. सगळ्यात डेंजरस जंतू असतात ना, ते त्यात नाहीयेत. पाय वाचायला चान्स आहे. मी तुमच्या जागी असते तर थांबले असते.”

शेवटचं वाक्य बोलायची काय गरज होती? काही गरज नव्हती. पण गोड वाटलं, म्हणून बोलली. यल्लव्वानं डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपलं आणि प्राणेशना सांगून टाकलं, सही करत नाही. ते जंतू मारायचे म्हणून सुरू केलेलं औषध आप्पाजीला सोसत नव्हतं, सारख्या उलट्या होत होत्या. रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून तेही बंद झालं. प्राणेश कुरकुरले, पण त्यांच्या समोर छापील रिपोर्ट होता आणि त्याखाली देशभर नाव असलेल्या बाईची सही होती.

आणि आता ते सभागृहाच्या दाराशी उभे राहून म्हणत होते, माझं नाक खोटं बोलत नाही.

नीलिमा तडक प्रयोगशाळेत गेली. आत कोपऱ्यात तिचं लाडकं चेंबर होतं. पारदर्शक दर्शनी भागाची मोठी बंद पेटी, पुढे लांब हातमोजे बसवलेले. त्यांत हात घालून आत काम करायचं. पेटीत नायट्रोजन आणि आणखी दोन वायू भरून ठेवतात, प्राणवायूचा लवलेश राहू द्यायचा नाही. तो राहिलाय की नाही हे सांगायला आतल्या बाजूनं काचेला एक चिमुकली पट्टी लावलेली असते. हवा नसली तर पांढरी, असली तर गुलाबी. रोज सकाळी आल्याआल्या पट्टी बघायची, मग कामाला हात लावायचा. लहान पोराला शिकवावं इतकी साधी गोष्ट.

पण त्या दिवशी चेंबरला पट्टी दिसतच नव्हती. झेंडूची जाडजूड माळ वरपासून खालपर्यंत काचेवरून सोडलेली होती, तिच्या दोन्ही अंगांना चंदनाचे ठिपके, आणि बाजूला बांधलेले केळीचे खुंट पिवळे पडून माना टाकलेले.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतही पूजा झाली होती. त्यात वावगं काही नाही. या शहरात रिक्षापासून रॉकेटपर्यंत सगळ्यांना त्या दिवशी कुंकू लागतं. यंत्रं बंद करून, उघडून, पुसून काढली होती. पुढाकार नरसिंहरावांचा. नरसिंहराव म्हणजे प्रयोगशाळेचे जुने सुपरवायझर. कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरलेल्या घराण्यातले, घरात अजून मराठी राखून असलेले, कन्नडचा शिडकावा असलेली. पूजा त्यांनीच सांगितली, माळही त्यांनीच बांधली, आणि संध्याकाळी चेंबर परत बंद करून त्यात गॅसही त्यांनीच भरला.

नीलिमानं माळेला हात घातला तसे ते लगबगीनं पुढे आले. “बेड अम्मा, बेड. नको. माळ हातानं काढू नये. आपण होऊन सुकून पडते, तेव्हाच उचलायची. आमच्या आजोबांपासून असंच चालत आलंय.”

तिनं ऐकलं नाही. माळ ओढून खाली टाकली.

पट्टी गुलाबी होती. फिकट नव्हे, चांगली गडद.

मग नीलिमानं चेंबरच्या बाजूच्या दारावरून बोट फिरवलं, आणि रबराच्या कडेत तिच्या नखाला काहीतरी अडकलं. माळेचा दोरा. दार लावताना तो रबरात चिमटला होता आणि तिथेच राहिला होता. दोऱ्याएवढ्या त्या फटीतून रात्रंदिवस हवा आत जात होती. नवमीपासून त्या पेटीत ठेवलेला जंतू न् जंतू मेला होता, आणि प्रत्येक रिपोर्टवर ‘वाढ नाही’ असं छापून गेलं होतं. त्यातला एक आप्पाजीचा.

नरसिंहराव मटकन स्टुलावर बसले. “मीच बांधली हो माळ. या हातांनी.”

पण माळ ही अर्धीच गोष्ट होती. देवानं कुठे सांगितलं होतं, की माझी फुलं पट्टीवरून काढू नका? पण रोज सकाळी तिथे काम करणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकानंही दोन फुलं बाजूला सारून बघितलं नव्हतं. शुभ गोष्टीला हात कशाला लावा, म्हणून. शिवाय परिषदेचे पाहुणे प्रयोगशाळा बघायला येणार, त्यांना आपली संस्कृती दिसू दे, असं वरिष्ठ म्हणाले होते, आणि नीलिमानं त्या माळेसमोर उभं राहून फोटोही काढून घेतला होता. याहून मोठी चूक तर तिची एकटीचीच होती. दर खेपेला रोग्याच्या नमुन्याशेजारी एक ओळखीचा जंतू मुद्दाम ठेवायचा असतो. तो वाढला तर पेटी ठीक आहे, नाही वाढला तर पेटीत गडबड. त्या आठवड्यात परिषदेची धावपळ, निम्मी माणसं सुटीवर. ‘या वीकला राहू दे,’ असं नीलिमानंच सांगितलं होतं.

तिनं प्राणेशना फोन केला. “तुमचं नाक बरोबर आहे.”

“सरी,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला. रागावलेसुद्धा नाहीत. त्यांना तेवढा वेळ नव्हता.

दुपारी आप्पाजीचा पाय मांडीपासून काढला. गुडघ्याखाली भागण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती. या खेपेला यल्लव्वानं सही केली. नीलिमा वर पोचली तेव्हा ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती, आणि महांतेश तिच्यासमोर उभा राहून बोलत होता. दांडगा गडी, अंगात सुपरवायझरचा गणवेश, बोलता बोलता त्याला रडू फुटत होतं आणि रडू फुटलं की तो आणखीच चिडत होता.

“वैनी, त्या दिशी सही केली असतीस तर गुडघ्याखालीच सुटलं असतं. डॉक्टर हात जोडून सांगत हुता. मी पाया पडून सांगत हुतो. तुझंच आपलं, बेड, बेड. कुणाचं ऐकलीस तू? सांग की, कुणाचं ऐकून थांबलीस?”

यल्लव्वानं मान वर केली. तिला नीलिमा दिसली, चांगली समोर, दोन पावलांवर. तिनं नुसतं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं.

“कुनाचं न्हाई,” ती म्हणाली. “माझंच डोस्कं फिरलं हुतं.”

ती असं का म्हणाली, ते नीलिमाला आयुष्यभर नीट कळणार नाही. बहुधा आपल्याशी आपल्या भाषेत गोड बोललेल्या एकुलत्या एका बाईला चारचौघांत उघडं पाडायचं तिच्या मनात आलं नसेल. नीलिमानं तोंड उघडलं. शब्द ओठांवर आलेही. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दिल्लीहून आलेल्या परिषदेच्या अध्यक्षांना प्रयोगशाळा आताच बघायची होती, त्यांना चेंबरपाशी कुणी न्यायचं, असं खालून विचारत होते. “येते,” ती फोनमध्ये म्हणाली आणि जिन्याकडे वळली. जिना उतरताना तिला स्वतःची किळस आली. पण उतरली. परत वर गेली नाही.

आप्पाजी दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. विष रक्तात भिनलं होतं, मूत्रपिंडं आधीच थांबली होती. प्राणेशनी तिला परिषदेच्या नाष्ट्याच्या टेबलाशी गाठून सांगितलं. तिच्या हातात इडलीची बशी होती. ती तिनं तशीच खाली ठेवली. पुढच्या सत्रात पहिलंच व्याख्यान तिचं होतं.

ती व्यासपीठावर गेली. पडद्यावर तिच्या व्याख्यानाचं नाव झळकलं. तिनं संगणक बंद केला आणि इंग्रजीत, कागद न धरता, सगळं सांगितलं. माळ, दोरा, पट्टी, शेजारी न ठेवलेला तो ओळखीचा जंतू. रिपोर्ट, त्यावरची आपली सही, आणि आज सकाळी झालेला मृत्यू. नाव तेवढं सांगितलं नाही, परिषदेत रोग्याचं नाव घ्यायचं नसतं. ‘बावन्न वर्षांचा पुरुष, कारखान्यातला कामगार’ एवढंच. नरसिंहरावांवर काही ढकललं नाही. चूक माझी, असं स्वच्छ शब्दांत म्हणाली. आवाज एकदाही कापला नाही. इंग्रजीत ते जमलं.

ती थांबली. मग पहिल्या रांगेतले ते म्हातारे प्राध्यापक उठले आणि टाळ्या वाजवू लागले. मागून एकेक करत सगळे उठले. अध्यक्षांनी माइक घेतला आणि म्हणाले, असा प्रामाणिकपणा, असं धैर्य आपल्या व्यवसायात दुर्मीळ आहे, या परिषदेचं हेच खरं फलित. एका मासिकाच्या संपादकबाईंनी हे लेखाच्या रूपात हवंच म्हणून तिचा नंबर घेतला. दोघा तरुण डॉक्टरांनी तिच्याबरोबर सेल्फी काढली, आणि तिनं काढू दिली.

लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी, की तिला हलकं वाटत होतं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं. कॉफीचा कप हातात घेऊन ती चार माणसांच्या घोळक्यात उभी होती आणि कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तेव्हा दाराशी नरसिंहराव दिसले. ते आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, “अम्मा, ते लोक बॉडी न्यायला मागं थांबलेत. ती बाई एकटीच बसलीय.”

शवागाराची बाजू म्हणजे रुग्णालयाची मागची बाजू. तिथे काचा नाहीत, कुंड्या नाहीत. कपडे धुण्याच्या खोलीची वाफ आणि डिझेलच्या जनरेटरचा आवाज. यल्लव्वा पायरीवर बसली होती. कपाळावरचं कुंकू तिनं स्वतःच पुसलं होतं, नीट पुसलं गेलं नव्हतं. महांतेश पलीकडे ॲम्ब्युलन्सवाल्याशी अथणीच्या वाटेचं बोलत होता. नीलिमा तिच्या शेजारी, त्याच पायरीवर बसली.

“आलासा अक्का,” यल्लव्वा म्हणाली. आवाजात ना राग ना ओलावा. “गावाकडनं फोन आलता. सासूबाई बोलल्या. म्हनल्या, खाल्लीस माझ्या लेकाला. नणंदबी तेच म्हनली. आता गावात गेलो की दारात उभं ऱ्हाऊन तेच ऐकाय लागनार. जल्मभर. आनि खोटं कुटं हाय त्यात? सही मीच केली न्हाई.”

“नाही,” नीलिमा म्हणाली. “तसं नाहीये ते.”

आणि मग तिला मराठीत शब्द सापडेनात. सभागृहात जे एका दमात सांगून झालं होतं, ते इथे एकेक वाक्य जोडत सांगावं लागलं. “आमच्या मशीनमध्ये हवा गेली होती. तुमच्या मिस्टरांच्या पायात ते जंतू होते. पहिल्या दिवसापासून होते. आम्हाला दिसले नाहीत, कारण आमच्या पेटीत ते मरून गेले. मी न तपासता सही केली. मी तुम्हाला थांबायला सांगितलं, ते चुकीचं सांगितलं. तुम्ही नाही मारलं त्यांना. माझ्यामुळे झालं हे.”

यल्लव्वा तिच्याकडे बघत राहिली. तिला कळायला वेळ लागतोय असं नीलिमाला वाटलं. पण तिला कळलं होतं. तिनं विचारलं ते एवढंच, “कवा कळलं तुमाला?”

“काल सकाळी.”

“काल सकाळी.” यल्लव्वानं ते शब्द तसेच परत म्हटले. “म्हंजे काल भावजी माझ्या अंगावर येत हुते, तवा तुमाला ठावं हुतं. समोर उभ्या हुतासा तवा.”

“हो.”

जनरेटर धडधडत राहिला. धुण्याच्या खोलीतून एक बाई ओल्या चादरींची गाडी ढकलत बाहेर आली आणि निघून गेली.

“आनि आता मला सांगाय आलासा, ते माझ्या आदी कुनाला सांगून आलासा?”

नीलिमाला खोटं बोलायचं होतं. पण ते जमेना. “पुढे... आमची सभा चालू आहे. तिथे सांगितलं. सगळ्या मोठ्या डॉक्टरांना.”

“काय म्हनाले ते?”

नीलिमानं मान खाली घातली. “टाळ्या वाजवल्या,” ती म्हणाली.

यल्लव्वा उठली, साडी झटकली, आणि हाक मारली, “भावजी, हिकडं या. ह्या अक्का काय सांगत्यात ते ऐका.” महांतेश आला. यल्लव्वानं नीलिमाच्या दंडाला धरून तिला उभं केलं. पकड घट्ट होती, पण दुखवणारी नव्हती. “ह्यांना सांगा. तिकडं सांगितलंसा तसंच सांगा. काय वगळू नका.”

नीलिमानं सांगितलं. महांतेशचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्याची मूठ वळली, मग तो भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागला. आपण वैनीला काय काय बोललो ते त्याला आठवत असावं.

यल्लव्वा त्याच्याजवळ गेली नाही. तिनं कंबरेच्या पिशवीतून फोन काढला, एक नंबर लावला, वाजायला लागल्यावर तो नीलिमाच्या कानाशी धरला.

“ह्या सासूबाई. ह्यांना सांगा. त्यांचं झालं की नणंदेला लावून देते. मग गल्लीतल्या समद्यांना. एकेकाला सांगायचं, अक्का. मी सांगितलं तर कोन खरं मानंल?”

पलीकडे फोन उचलला गेला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. एक थकलेला, घोगरा आवाज म्हणाला, “कोन हाय?”

नीलिमानं आपलं नाव सांगितलं.